सणाचा मुहूर्त आणि बाजाराची घाई

हिंदू गृहस्थाच्या वर्षात सण हे विसाव्याचे टप्पे आहेत. बारा महिने प्रपंचाचे ओझे वाहणाऱ्या मनुष्याने त्या दिवशी ते क्षणभर खाली ठेवावे, देवापुढे दिवा लावावा, दारी आलेल्याला विन्मुख पाठवू नये आणि मगच आप्तांसह गोड घास घ्यावा, असा त्यांचा मूळ क्रम आहे. श्रीमद्भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे वर्णन करताना भगवंतांनी ह्या क्रमाचे मर्म उघड केले आहे. देवांनी दिलेले भोग त्यांना काहीच अर्पण न करता जो एकटाच भोगतो, त्याला भगवंतांनी चोर म्हटले आहे. शब्द फार कठोर आहे. दिवाळीत चोराच्या भयाने दाराला दोन कुलुपे लावणाऱ्या गृहस्थाने तो एकदा स्वतःलाच लावून पाहावा, इतका कठोर आहे.

कारण आज सणाचा क्रमच उलटला आहे. पहिला दिवा लागण्याच्या आधी महिनाभर खरेदी सुरू होते आणि शेवटचा दिवा विझल्यावर कित्येक महिने तिचे हप्ते चालत राहतात. मधल्या चार दिवसांत देवापुढे स्वस्थ बसावयाला कोणाला उसंत नसते.

छत्तीसगढची राजधानी जे रायपूर, तेथील पंडरी हा भाग ह्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. पंडरीचा कपड्याचा घाऊक बाजार साऱ्या छत्तीसगढात विख्यात आहे. लहानमोठ्या गावांतील दुकानदार येथून ठाणच्या ठाण माल उचलतात, आणि लग्नसराई वा दिवाळी आली की किरकोळ गिऱ्हाइकांचीही तेथे रीघ लागते. रायपूरशी मराठी माणसाचा संबंधही जुना. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्यातील बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपुरास राहून छत्तीसगढचा कारभार पाहू लागले. त्या काळापासून जी मराठी कुटुंबे ह्या प्रांतात आली, त्यांच्या पिढ्या येथेच नांदल्या. त्यांच्या घरी आजही वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, नरकचतुर्दशीला पहाटे उटणे लागते, आणि त्याच घरांतील मंडळी नवरात्र संपले की पिशव्या घेऊन पंडरीचा रस्ता धरतात. त्यात वावगे काही नाही. वस्त्र ही गरज आहे, आणि सणाला नवे वस्त्र नेसणे ही मंगल रूढी आहे.

परंतु पूर्वी बाजाराला जाण्यासाठी पाय उचलावे लागत. आता बाजारच उशाशी येऊन बसला आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी एका ऑनलाइन दुकानाने एकाच दिवसाचा महाविक्रीमेळा भरविला. लोटलेल्या गर्दीने त्याची यंत्रणा कोलमडली आणि चालकांना दुसऱ्या दिवशी ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. क्षमा मागितली गेली, पण मेळे थांबले नाहीत. ते एका दिवसाचे पुष्कळ दिवसांचे झाले आणि नवरात्र-दिवाळीला दरवर्षी चिकटले. मोबाइलच्या पडद्यावर घड्याळ उलटे धावत असते: इतके तास उरले, इतकी मिनिटे उरली, माल दोनच नग शिल्लक. ही घाई पुष्कळदा बनावट असते, हे सरकारनेही ओळखले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात जी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांत ग्राहकाला भुलविण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत, आणि खोटी निकड निर्माण करणे हा त्यांतील एक आहे. न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत टाकणे हा दुसरा.

कायदा विक्रेत्याला आवर घालील. मनाला आवर घालण्याचे काम त्याच्याकडून होणार नाही. तेथे गीतेकडेच वळावे लागते. दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी पतनाची जी शिडी सांगितली आहे, ती जणू ह्या उलट्या धावणाऱ्या घड्याळाकडे पाहूनच सांगितली असावी, असे वाटते. प्रथम विषयाचे नुसते चिंतन. त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामना अडली की क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश आणि अखेर बुद्धीचा नाश. रात्री झोपण्यापूर्वी एक साडी सहज पाहिली जाते, हे चिंतन. दुसऱ्या दिवशी तिच्यावाचून कपाट रिते वाटू लागते, ही आसक्ती. तिसऱ्या दिवशी ती घेतलीच पाहिजे असे ठरते, आणि यजमानाने 'या महिन्यात नको' म्हटले की घरात शब्दाने शब्द वाढतो. मग आपल्या मिळकतीची, घरभाड्याची, मुलाच्या फीची स्मृती राहत नाही. स्मृतिभ्रंश म्हणजे नाव-गाव विसरणे नव्हे. आपण कोण आणि आपले कर्तव्य काय, ह्याचा विसर पडणे होय.

सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन आहे. तेथील मनुष्य मनाशी बोलतो की, आज हे मिळविले, आता तो मनोरथ पुरा करीन. इतके माझे आहेच, उद्या तितकेही होईल. वाचकाला वाटते, असुर म्हणजे कोणी विक्राळ प्राणी. परंतु भगवंतांनी त्याच्या तोंडी घातलेली ही वाक्ये किती सौम्य आहेत! सणाच्या आठवड्यात घराघरांत हीच वाक्ये कानी पडतात.

पंडरीच्या आसपास राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. यजमान एका कचेरीत नोकरीला आहे, महिन्याची प्राप्ती २५,००० रुपये. घरात पत्नी, वृद्ध आई आणि दोन मुले. दसऱ्याला ३०,००० रुपयांचे शीतकपाट बारा हप्त्यांवर आले. जुने चालत होते, पण सवलत पुन्हा मिळाली नसती. धनत्रयोदशीला १८,००० रुपयांचा मोबाइल सहा हप्त्यांवर आला. बिनव्याजी म्हणून दोन्हींचे समाधान. दरमहा अडीच हजार आणि तीन हजार मिळून साडेपाच हजार रुपये पगारातून परस्पर जाऊ लागले. त्यावर पंडरीत एका पाटीने लक्ष वेधले: दोन साड्यांच्या किमतीत तीन. साडी नऊशेची, अठराशे देऊन तीन घरी आल्या, आणि नऊशे वाचले असा हिशेब झाला. वस्तुतः गरज एकीचीच होती. नऊशे वाचले नाहीत, नऊशे अधिक गेले.

सासूबाईंनी पिशवी पाहून एवढेच विचारले, "सूनबाई, यादी आधी केली होती, की बाजार आधी पाहिला?" सून काही बोलली नाही. प्रश्नात टोचणी नव्हती, म्हणून तो अधिक लागला.

दुसऱ्या दिवशी भांडी घासणारी बाई आली. पाच वर्षांची जुनी, विश्वासू. यंदा दिवाळीची पोस्त थोडी अधिक मिळाली तर मुलीची शाळेची फी भरता येईल, असे ती संकोचाने म्हणाली. घरधनीण मनाने कृपण नव्हती. तिने डबा उघडला, मोजले, पुन्हा मोजले, आणि दरवर्षीइतकेच पैसे तिच्या हातावर ठेवून नजर दुसरीकडे वळविली. ह्या कुटुंबाने काही पाप केले असे कोणी म्हणणार नाही. पण जो हात सणाला मोकळा असावयाचा, तो त्यांनी स्वतःच महिनाभर आधी बांधून टाकला होता. खरेदीच्या उन्मादाची खरी हानी येथे आहे. पैसा जातो ती हानी लहान. देण्याची शक्ती जाते ती मोठी. सतराव्या अध्यायात भगवंतांनी सात्त्विक दानाला योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र ह्यांची अट घातली आहे. त्या घरी देश होता, काळ होता, पात्र आपल्या पायांनी दारात आले होते. नव्हते ते फक्त देण्याजोगे काही उरलेले.

आपल्या पूर्वजांनी जे मुहूर्त ठरविले, ते पाहिले म्हणजे ते बहुतेक देण्याचे मुहूर्त होते असे दिसून येते. अक्षय्य तृतीयेला आज सोन्याच्या जाहिराती झळकतात. पण शास्त्राने त्या दिवशी उदककुंभाचे, पाण्याने भरलेल्या घटाचे दान सांगितले आहे. वैशाखाच्या उन्हात तहानेल्याला दिलेले पाणी क्षय पावत नाही, म्हणून ती अक्षय्य. सोने तर मोडीत निघते, चोरीस जाते. धनत्रयोदशीचेही तसेच. तो धन्वंतरीच्या प्राकट्याचा दिवस; त्याच्या हाती अमृताचा कलश आहे, दागिन्यांची पेटी नव्हे. भारत सरकारनेही २०१६ ते २०२४ पर्यंत आयुर्वेद दिन ह्याच तिथीला पाळला. २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला ठरविण्यात आला. घरोघरी त्या दिवशी नैवेद्य असतो तो धने-गुळाचा, आणि संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमासाठी एक दिवा लावतात. कणकेचा दिवा, थोडे तेल आणि कापसाची वात. लक्ष्मीपूजनाला जिची लक्ष्मी म्हणून पूजा होते, ती तर नवी केरसुणी! ज्या पूर्वजांनी केरसुणीला हळद-कुंकू वाहिले, त्यांना लक्ष्मी कोठे राहते हे चांगले ठाऊक होते.

विजयादशमीची कथा तर ह्या विषयाचा प्राणच आहे. महाकवी कालिदासाने रघुवंशाच्या पाचव्या सर्गात ती सांगितली आहे. वरतंतु ऋषींचा शिष्य कौत्स विद्या संपवून गुरुदक्षिणा देण्याचा हट्ट धरतो. गुरू नको म्हणतात. शिष्य पुन्हा पुन्हा आग्रह करतो. तेव्हा रागावून गुरू चौदा विद्यांबद्दल चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागतात. कौत्स अयोध्येला रघुराजाकडे येतो. परंतु रघूने नुकताच विश्वजित यज्ञ करून सर्वस्व दान केलेले. अतिथीच्या स्वागताला त्याच्या हाती मातीचे पात्र आहे. ते पात्र पाहूनच कौत्स सारे समजतो आणि परत निघतो. रघू त्याला थांबवितो. याचक आपल्या दारातून रिकामा गेला असे होऊ नये, म्हणून तो कुबेरावर चाल करून जाण्याचा निश्चय करतो, आणि त्याच रात्री कोषागारात सुवर्णाची वृष्टी होते. आपल्याकडील लोककथेत ही वृष्टी गावाबाहेरच्या आपट्याच्या झाडावर झाली.

येथपर्यंत कथा ऐश्वर्याची आहे. खरी गंमत पुढे. रघू म्हणतो, हे सारे तुझ्यासाठी आले, सारे घेऊन जा. कौत्स म्हणतो, गुरूंना द्यावयाचे तेवढेच माझे. त्याहून एक मुद्रा अधिक नको. राजा ठेवून घेईना, शिष्य उचलीना. अयोध्येचे लोक दोघांचीही वाखाणणी करतात. उरलेले सोने लोकांनी लुटावे म्हणून झाडाखाली सोडून दिले, असे आपली कथा सांगते. त्याची आठवण म्हणून दसऱ्याला आपट्याची पाने 'सोने' म्हणून एकमेकांना द्यावयाची. समोर ढीग पडलेला, किंमत शून्य, अडविणारा कोणी नाही, आणि तरी यादीत होते तेवढेच घेऊन माघारी वळणारा तो ब्रह्मचारी, हाच दसऱ्याचा खरा सीमोल्लंघन करणारा वीर. लोभाची सीमा ओलांडणे रावणाला जमले नाही. ते कौत्साला जमले.

एक सावधगिरी मात्र येथे अवश्य सांगावयास हवी. केवळ खरेदी न करणे म्हणजे संतोष नव्हे. तिसऱ्या अध्यायात भगवंत म्हणतात की, कर्मेंद्रिये आवरून जो मनाने विषयांचे स्मरण करीत बसतो, तो मिथ्याचारी होय. मोबाइलवर रात्री दोन वाजेपर्यंत वस्तू पाहावयाच्या, शेजारणीची पैठणी डोळ्यांत साठवावयाची, आणि 'आम्ही यंदा काही घेतले नाही' असे अभिमानाने सांगावयाचे, ह्यात पैसा वाचतो, मन वाचत नाही. पाश्चात्त्य देशांतही ह्या उन्मादाचा वीट आलेले लोक आहेत. अमेरिकेत नोव्हेंबरातील कृतज्ञतेच्या सणाच्या दुसऱ्याच दिवशी मोठी विक्री असते. २००८ साली न्यूयॉर्कजवळ एका दुकानाचे दार उघडताना लोंढा आत घुसला, आणि त्याखाली चेंगरून तेथील एक कामगार मृत्यू पावला. कृतज्ञतेच्या सणाला एक रात्रही लोटली नव्हती! असल्या लोंढ्यांत सामील न होण्यासाठी १९९२ साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे वर्षातून एक दिवस काहीच विकत न घेण्याची प्रथा सुरू झाली, आणि पुढे ती इतर देशांतही गेली. कल्पना चांगली आहे. एकादशी पाळणाऱ्या समाजाला ती परकी वाटू नये. पण एकादशी अन् दुप्पट खाशी ही म्हणही आपल्याच समाजाची. एक दिवस बाजार टाळून दुसऱ्या दिवशी दुप्पट खरेदी करणाऱ्याचा उपास तसलाच. उपवास म्हणजे जवळ वास करणे, देवाजवळ बसणे. बाजारापासून दूर गेलेला मनुष्य कोणाच्या जवळ जाऊन बसला, हे पाहावे.

ह्यावर पंडरीचा एखादा दुकानदार विचारील, आणि त्याचा प्रश्न टाळता येणार नाही: "सारेच असे वागू लागले तर आम्ही काय करावे? वर्षाची अर्धी कमाई ह्या वीस दिवसांची. गडीमाणसांचे पगार, भाडे, सुरतेच्या व्यापाऱ्याचे देणे, सारे ह्याच्यावर." प्रश्न खरा आहे. विणकराच्या मागापासून दुकानातल्या पोऱ्यापर्यंत पुष्कळ चुली ह्या विक्रीवर पेटतात. गीतेचा भक्त चुली विझविण्याचा उपदेश करणार नाही. अर्जुन धनुष्य टाकून बाजूला होऊ पाहत होता. भगवंतांनी त्याला कर्म सोडावयास सांगितले नाही, त्यातला ज्वर सोडावयास सांगितला. वस्त्र घ्यावे, पण घड्याळाच्या धाकाने घेऊ नये. रोख द्यावे, उधारीची आणि हप्त्यांची साखळी वाढवू नये. भाद्रपदात घेता येत असेल तर भाद्रपदात घ्यावे. त्याने दुकानातल्या त्या मुलालाही, जो दिवाळीत मध्यरात्रीपर्यंत उभा असतो, थोडे बसावयास मिळेल. पंडरीतच छत्तीसगढ हाटाचे आवार आहे, तेथे विणकरांची आणि कारागिरांची प्रदर्शने भरतात. एक कोशाचे वस्त्र त्याच्या विणणाऱ्याच्या हातून घेतले, तर ते अंगावर दहा दिवाळ्या टिकेल आणि पैसा योग्य घरी जाईल. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, घटस्थापनेच्याच दिवशी, पुष्कळ वस्तूंवरील कर कमी झाले. जी वस्तू हवीच होती, तिच्यावर वाचलेला पैसा खरोखर वाचला. जी नको होती, तिच्यावर कोणताही कर वाचत नसतो.

दुकानदारानेही भिऊ नये. वारकरी संप्रदायाचा कळस मानलेले तुकाराम महाराज स्वतः दुकानदारच होते. देहूची महाजनकी त्यांच्या घराण्यात होती. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, घरची माणसे गेली. पुढे वडिलोपार्जित कर्जखते हाती आली, तेव्हा परंपरा सांगते की त्यांनी भावाच्या वाट्याची भावाला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीच्या डोहात बुडविली. इतरांच्या अडचणीवर उभे असलेले येणे त्यांना नको झाले. प्रत्येक व्यापाऱ्याने आपल्या वह्या नदीत टाकाव्यात असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाडव्याला वहीपूजन करताना त्या वहीत कोणाच्या मोहाची किती रक्कम जमा झाली आहे, हा विचार मनात यावा, इतके तुकोबांच्या व्यवसायबंधूंकडून अपेक्षिणे अवाजवी नाही. चढवलेली किंमत खोडून तिच्यावर निम्मी सवलत लिहिणारा हात, आणि त्याच हाताने ओढलेली लाभ-शुभाची अक्षरे, ह्यांचा मेळ कसा बसावा?

गृहस्थाला करता येण्याजोगे फार अवघड नाही. सर्वपित्रीनंतर एका संध्याकाळी घरातल्या सर्वांनी एकत्र बसावे. कपाटे उघडून आधी जे आहे ते मोजावे. दोनदाही न नेसलेल्या साड्या, न फाटलेले सदरे पुष्कळ निघतात. मग यादी करावी, आणि यादीची सुरुवात वस्तूंनी न करता माणसांनी करावी: मोलकरीण, दूधवाला, केरकचरा नेणारा, गावी असलेली विधवा आत्या, शेजारचा शिकणारा पोर. त्यांचे पैसे पाकिटांत घालून देवघरात ठेवून द्यावेत. उरलेल्यात घरची खरेदी. यादीबाहेरची वस्तू मनात भरली तर तीन रात्री जाऊ द्याव्या. तीन रात्रींनंतरही ती हवी असली तर ती बहुधा गरज असते. पण दहांतल्या नऊ वस्तू दुसऱ्याच रात्री विसरल्या जातात. घड्याळ पुढे धावो की मागे. मुलांना ही शिकवण रुक्ष वाटेल अशी भीती पुष्कळ आईबापांना वाटते. पाकिटे वाटावयास त्यांना बरोबर नेऊन पाहावे. नव्या खेळण्याचा आनंद भाऊबीजेपर्यंत टिकत नाही. पाकीट घेताना दूधवाल्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते पोर पुष्कळ दिवस सांगत राहते. अठराव्या अध्यायात आरंभी अमृतासारख्या आणि परिणामी विषासारख्या सुखाला राजस म्हटले आहे, व आरंभी विषासारख्या आणि परिणामी अमृतासारख्या सुखाला सात्त्विक. हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचा पहिला दिवस आणि सहावा महिना ज्याने अनुभवला आहे, त्याला ह्यावर भाष्य नको.

छत्तीसगढच्या भूमीने तर हे सारे आपल्या परीने जपून ठेवले आहे. दिवाळीच्या दिवसांत तेथील स्त्रिया टोपलीत मातीचा पोपट ठेवून, त्याच्याभोवती टाळ्यांच्या तालावर फेर धरीत घरोघर जातात. हा सुवा नाच. घरोघरीहून तांदूळ, पैसे, जे मिळेल ते टोपलीत पडते. पुढे धानाची कापणी-मळणी होऊन कोठ्या भरल्या की पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. त्या दिवशी मुले दारोदार जाऊन धान मागतात. सधन घरचीही जातात, कारण मागण्यात कमीपणा मानावयाचा नाही, असा त्या दिवसाचा नियमच आहे. पंडरीत तोवर दिवाळीच्या पाट्या उतरलेल्या असतात आणि सवलतींचा गलबला ओसरलेला असतो. खेड्यापाड्यांत मात्र पहाटेपासून पोरांच्या हाका सुरू होतात, आणि घरची म्हातारी भरलेले सूप हाताशी घेऊन उंबरठ्यावर येऊन बसलेली असते.